पुरंदरचा दुसरा तह : साष्टीची सीमा, तीन लाखांचा मुलूख आणि मराठी इतिहासलेखन

प्रास्ताविक

पदवीच्या वर्गात ‘पुरंदरचा तह’ असे शब्द उच्चारले की विद्यार्थ्यांचे उत्तर ठरलेले असते. इ. स. १६६५, मिर्झाराजे जयसिंग, २३ किल्ले आणि ४ लक्ष होनांचा मुलूख. इंदापूर-बारामती परिसरातील विद्यार्थ्याला पुरंदर परका नाही. सासवडकडे जाणाऱ्या एस.टी.तून तो गड त्याने अनेकदा पाहिलेला असतो. परंतु त्याच गडावर १ मार्च १७७६ रोजी आणखी एक तह झाला, त्यात कलकत्त्याहून आलेला एक इंग्रज कर्नल आणि पेशवाईचे कारभारी समोरासमोर होते, आणि मुंबईच्या उत्तरेकडील सीमेचा प्रश्न तेथे कागदावर उतरला, ही गोष्ट त्याच्या स्मरणात बहुधा नसते. पाठ्यपुस्तकातही या तहाला वडगावच्या व सालबाईच्या तहांकडे नेणारी एक पायरी एवढेच स्थान मिळते.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा किंवा पाठ्यपुस्तकांचा नाही. मराठी इतिहासलेखनाने या तहाची चर्चा भरपूर केली, पण ती प्रामुख्याने माणसांची चर्चा झाली. रघुनाथराव स्वार्थी की दुर्दैवी, नाना फडणीस मुत्सद्दी की संशयी, अप्टन भोळा की हेकट, मुंबईकर लोभी की कलकत्तेकर न्यायी, अशा प्रश्नांभोवती ही चर्चा फिरत राहिली. तहनामा हा एक पाठ आहे, त्यातील कलमांची रचना, त्यांतील नेमकेपणा व संदिग्धता यांनाही अर्थ आहे, या दृष्टीने त्याचे वाचन फारसे झाले नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या एम. फिल. प्रबंधिकेत हीच वाट चोखाळली होती. ‘कारभाऱ्यांनी सोपे यश घालविले’ असा एका वाक्यातील निवाडा तेथे देऊन पुढचे प्रकरण सुरू केले होते. कलमे पुन्हा वाचल्यावर तो निवाडा टिकत नाही, असे दिसून आले. प्रस्तुत लेख हा त्या अर्थाने स्वतःच्याच वाचनाची चिकित्सा आहे.

सीमा कोठे होती?

साष्टी बेटाच्या मालकीचा वाद १७७४ मध्ये सुरू झाला नाही. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आपांनी वसई जिंकली, तेव्हाच मुंबई बेटाचे शेजारी बदलले. त्याच वर्षी कॅप्टन इंचबर्ड वसईस चिमाजी आपांकडे आणि कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांकडे इंग्रजांचे वकील म्हणून गेले. मुंबईकरांना नव्या शेजाऱ्याची धास्ती किती होती, हे या दुहेरी वकिलातीवरूनच कळते. माहीमची खाडी ओलांडली की पेशव्यांचा अंमल सुरू होत असे. मुंबई बेटाला धान्य, लाकूड, गुरे या सर्वांसाठी समोरच्या किनाऱ्याकडे पाहावे लागे. साष्टी व वसई मिळविणे हे म्हणूनच कंपनीच्या मुंबईतील धोरणाचे कायमचे कलम बनले. १७७२ मध्ये मोस्टिन पुण्यास वकील म्हणून आला, त्यामागेही हाच हेतू होता.

दुसरे टोक भडोचचे. तेथे नबाबाची सत्ता होती आणि महसुलात मराठ्यांचा, म्हणजे व्यवहारात गायकवाडांचा, वाटा होता. नोव्हेंबर १७७२ मध्ये इंग्रजांनी भडोच घेतले. थेऊर येथे थोरले माधवराव पेशवे निवर्तले, तोही तोच महिना. नबाब गेला, पण मराठ्यांचा वाटा कायम राहिला. एकाच शहरात एकाचे निशाण आणि दुसऱ्याचा वसुलीचा हक्क, ही स्थिती आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. त्या काळच्या गुजरातेत ती नेहमीची होती. सुरतेतही १७५९ पासून किल्ला कंपनीच्या ताब्यात, नबाब गादीवर आणि चौथाईचा हक्क मराठ्यांचा, अशीच घडी होती. या व्यवस्थेत सीमा ही रेषा नसते, ती हक्कांची थर-रचना असते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

यानंतरच्या घटना सर्वपरिचित असल्याने त्यांचा केवळ निर्देश करतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यासाठी येत आहे, अशी बातमी आल्यावर डिसेंबर १७७४ च्या अखेरीस मुंबईकरांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी, वसई आणि गुजरातेतील काही महाल कंपनीस देऊ केले. येथे क्रम लक्षात घेतला पाहिजे. साष्टी आधी घेतली गेली आणि ती देण्याचा कागद नंतर झाला. मे १७७५ मध्ये अडासची लढाई झाली.

दोन दारांचे घर

१७७३ च्या नियामक कायद्याने मुंबई व मद्रास येथील सरकारांना युद्ध आणि तह यांबाबत कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाची संमती आवश्यक केली होती. मात्र त्या नियमाला दोन अपवाद होते. तातडीचा प्रसंग हा एक आणि लंडनहून संचालकांचे थेट हुकूम हा दुसरा. कलकत्त्याने सुरतेचा तह अनधिकृत ठरविला, लढाई थांबविण्याचा हुकूम पाठविला आणि कर्नल जॉन अप्टन याला पुण्याच्या कारभाऱ्यांकडे रवाना केले. मुंबईच्या कौन्सिलाने आपली बाजू मांडण्यासाठी विल्यम टेलर याला कलकत्त्यास धाडले, पण त्याचा उपयोग झाला नाही. १७७५ च्या वर्षअखेरीस अप्टन पुरंदरास पोहोचला.

कारभाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रसंग अपूर्व होता. आजवर मुंबईचा गव्हर्नर म्हणजे इंग्रज, अशी समजूत होती. आता त्या गव्हर्नरावर हुकूम चालविणारी दुसरी सत्ता कलकत्त्यास आहे आणि ती मुंबईला चूक ठरविते आहे, असे दिसत होते. वरिष्ठाशी केलेला करार कनिष्ठास बांधील राहील, हा त्यांचा तर्क अवास्तव नव्हता. पेशवाईतही सरदाराने परस्पर केलेला करार पुण्याने अमान्य करावा, ही रीत होतीच. अनेक लेखक येथे कारभाऱ्यांना भोळे ठरवितात. त्या घराला तिसरे दार लंडनचे होते आणि नियामक कायद्यातील अपवादाने ते उघडे ठेवले होते, हे १७७६ च्या मार्चमध्ये खुद्द कलकत्त्यातील कौन्सिलालाही पुरतेपणी उमगले नव्हते. तेथील हेस्टिंग्ज आणि फ्रान्सिस-क्लेव्हरिंग-मॉन्सन यांच्या भांडणाने निर्णयाला रोज वेगळे वळण मिळत होते. जे कलकत्त्याला ठाऊक नव्हते, ते सखारामबापूंना ठाऊक असायला हवे होते, ही अपेक्षा अनैतिहासिक आहे.

वाटाघाटी सुरळीत झाल्या नाहीत. साष्टी परत हवी आणि रघुनाथराव स्वाधीन हवेत, या दोन मागण्यांवर कारभारी अडून होते. अप्टनला दोन्ही मान्य नव्हत्या. बोलणी फिसकटल्याची बातमी कलकत्त्यास पोहोचली आणि तेथे पुन्हा युद्धाची तयारी सुरू झाली, तोवर इकडे तह होऊन गेला होता. पुरंदर ते कलकत्ता हे अंतर जासूद-डाकेने काटावयाचे असल्याने हा घोळ अटळ होता. कारभारी शेवटी का वळले, याचे उत्तर एका कारणात सापडणार नाही. कोकणात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे बंड त्याच वर्षी उभे राहिले, दक्षिणेत हैदर पुढे सरकत होता, आणि ज्याच्या नावाने हा कारभार चालला होता तो पेशवा दोन वर्षांचाही झालेला नव्हता.

कलमांचा नेमकेपणा आणि संदिग्धता

आता तहाच्या कलमांकडे वळू. सुरतेचा तह रद्द झाला. लढाईच्या खर्चापोटी पेशव्यांनी कंपनीस १२ लक्ष रुपये द्यावयाचे ठरले. भडोच शहर व परगणा यांतील मराठ्यांचा सारा हक्क कंपनीला मिळाला. त्याशिवाय भडोचलगतचा ३ लक्ष रुपयांचा मुलूख स्नेहाखातर द्यावयाचा होता. साष्टी इंग्रजांकडे राहावी किंवा तिच्या मोबदल्यात पेशव्यांनी ३ लक्षांचा मुलूख देऊन ती परत घ्यावी, याचा निर्णय गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर सोडला गेला. गायकवाडांनी कंपनीस दिलेले गुजरातेतील महाल, ते देण्याचा अधिकार गायकवाडांना नव्हता असे सिद्ध झाल्यास, परत करावयाचे होते. रघुनाथरावांनी कोपरगावी राहावे, त्यांच्याजवळ १,००० स्वार व २०० सेवक असावेत आणि खर्चासाठी दरमहा २५,००० रुपये मिळावेत, असे ठरले.

ही कलमे ओळीने वाचली असता एक विसंगती डोळ्यांत भरते. रघुनाथरावांविषयीचे कलम कमालीचे नेमके आहे. गाव ठरले, घोडेस्वारांची संख्या ठरली, घरातील नोकरांची संख्याही ठरली. सीमेविषयीची कलमे मात्र सैल आहेत. भडोचलगतचा मुलूख म्हणजे कोणते परगणे, कोणती गावे? ते पुढे ठरावयाचे होते. साष्टी कोणाची? गव्हर्नर जनरलला वाटेल त्याप्रमाणे. गुजरातेतील महाल कोणाचे? पुरावा मिळेल त्याप्रमाणे. पण पुरावा कोणी द्यायचा आणि तो कोणी मान्य करायचा, हे अनुक्त आहे. एका माणसाच्या पदरी किती नोकर असावेत, हे ज्या कागदाने ठरविले, त्याच कागदाने दोन राज्यांची हद्द कोठे पडते, हे मोकळे ठेवले.

आमच्या भागातील विद्यार्थ्याला बांधाचा वाद समजावून सांगावा लागत नाही. ‘ओढ्यापलीकडची तीन पोती ज्वारीची जमीन तुला दिली’ असे लिहून कोणी खातेफोड केली तर भांडण दुसऱ्याच दिवशी सुरू होईल, हे तो लगेच सांगतो. पुरंदरच्या तहात नेमके तेच झाले. ३ लक्ष हा आकडा कशाचा? जुन्या तनख्याचा, कमाल आकारणीचा, की त्या वर्षी हाती आलेल्या वसुलाचा? अठराव्या शतकातील दप्तरांत या तिन्ही रकमा वेगवेगळ्या असत आणि त्यांतील अंतर मोठे असे. एकाच परगण्याचा कागदोपत्री आकार आणि प्रत्यक्ष वसूल यांत दुष्काळ, लष्कराची कूच, मोकासदारांचे हिस्से यांमुळे किती तफावत पडे, हे पेशवे दप्तर चाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. पुढे ६० वर्षांनी, १८३५-३६ मध्ये, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या जमीन मोजणीची व आकारणीची पद्धत प्रथम याच आपल्या इंदापूर तालुक्यात लागू केली. त्याआधीच्या प्रिंगलच्या आकारणीचा कागदावरील आकार शेतकऱ्याला झेपत नव्हता, म्हणूनच ती वेळ आली. राज्यकर्ती बनलेल्या कंपनीला जे कोडे स्वतःच्या एका तालुक्यात सहजी सुटले नाही, ते भडोचलगत दोन परस्परविरोधी सत्तांना केवळ आकडा लिहून सुटेल, अशी अपेक्षाच चुकीची होती.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मुलूख पैशांत मोजण्याची रीत इंग्रजांनी आणली, असे काही वेळा सूचित केले जाते. ते बरोबर नाही. १६६५ च्या तहातही मुलूख होनांत मोजला आहे. भेद असा, की त्या तहात होनांच्या जोडीला किल्ल्यांची नावे होती. किल्ला ही जागेवर दाखविता येणारी वस्तू आहे. त्याच्या दरवाजावर कोणाचे निशाण आहे, यावर वाद होऊ शकत नाही. १७७६ च्या तहात किल्ल्यांची जागा निव्वळ आकड्याने घेतली.

याहून महत्त्वाचा बदल आणखी वेगळा आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. भडोच व त्यालगतचा मुलूख देताना चौथाईचा किंवा अन्य कोणताही हक्क मराठ्यांनी त्यावर सांगू नये, अशी अट तहात आहे. वरवर पाहता ही नेहमीची कलमी भाषा वाटते. परंतु मराठी सत्तेचा उत्तरेकडील व गुजरातेतील सारा विस्तार ज्या तत्त्वावर झाला, ते तत्त्वच हे कलम नाकारते. मोगल सुभेदार असो, नबाब असो, राजपूत राजा असो, त्याची जागा त्याच्याकडे ठेवून महसुलात आपला वाटा कायम करावयाचा, ही ती पद्धत. शेजाऱ्याच्या भूमीत आपला हक्क असणे यात मराठ्यांना विसंगत काहीच वाटत नसे. कंपनीला मात्र भागीदार नको होता. १७५९ मध्ये सुरतेत ती स्वतः अशा थर-रचनेचा एक थर बनली होती. १७७६ मध्ये ती एकसंध मालकी मागू लागली होती. साष्टीचे बेट गेले ही हानी मोजता येते. चौथाईविना सीमा मान्य केली, ही हानी त्या दिवशी कोणालाच मोजता आली नाही, आणि माझ्या मते पुरंदरच्या तहातील सर्वांत दूरगामी गोष्ट हीच होती.

इतिहासकारांचे वाचन

ग्रँट डफचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरंदरच्या तहाची जी चौकट त्याने घातली, ती आजतागायत बदललेली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. डफला मुंबई आणि कलकत्ता यांच्या कलहात रस होता, आणि ते स्वाभाविक होते. तो कंपनीचा अधिकारी होता. त्याच्यापुढचा प्रश्न कंपनीच्या कारभाराचा होता. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत डफवर टीका लिहून मराठीत इतिहासचिकित्सेची परंपरा सुरू केली. त्या टीकेने डफची साधने व त्याचे अभिप्राय यांना आव्हान दिले. पण अभिप्राय उलटविणे वेगळे आणि प्रश्नच बदलणे वेगळे. डफने ज्यांना दोषी ठरविले त्यांना निर्दोष ठरवावयाचे, या ईर्ष्येने पुढील अनेक लेखन झाले आणि प्रश्न मात्र डफचेच राहिले.

वासुदेवशास्त्री खरे यांचे ऋण या संदर्भात फार मोठे आहे. मिरज येथे राहून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास १८९७ मध्ये प्रारंभ केला. बारभाईंच्या काळातील छावणी, पुणे आणि पुरंदर यांच्यातील पत्रव्यवहार त्यामुळे अभ्यासकांपुढे आला. या पत्रांत रघुनाथराव म्हणजे ‘दादासाहेब’ सर्वत्र आहेत. ते कोठे आहेत, कोणाच्या आश्रयास आहेत, कोण त्यांना फितूर आहे, याची चिंता पानोपानी दिसते. तेव्हा इतिहासकारांनी व्यक्तीवर भर दिला, यात साधनांचाही वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. कारभाऱ्यांना सीमेपेक्षा गादीची काळजी अधिक होती, आणि तहाच्या कलमांतील तो विचित्र नेमकेपणा याच काळजीतून आलेला आहे. मात्र साधनाची चिंता ही इतिहासकाराची चिंता होण्याचे कारण नाही. पत्रलेखकाला जे दिसत नव्हते, ते दाखविण्यासाठीच तर आपण दोनशे वर्षांनंतर लिहीत असतो.

न. चिं. केळकरांचे ‘मराठे व इंग्रज’ हे पुस्तक १९१८ मध्ये, पेशवाईच्या अस्ताच्या शताब्दीच्या निमित्ताने आले. त्याचा दुसरा भाग राज्यव्यवस्थेची व गुणदोषांची मीमांसा करतो. आजही तो वाचनीय आहे. किंबहुना केवळ घटनांच्या पलीकडे जाऊन संस्थांचा विचार करणारे मराठीतील ते आरंभीचे पुस्तक म्हणावे लागेल. तथापि केळकरांपुढील प्रश्न ‘आपण का हरलो’ हा आहे. या प्रश्नाच्या ओघात प्रत्येक तह पराभवाकडे जाणारा टप्पा बनतो आणि १७७६ मध्ये मराठे हरलेले नव्हते, हे विसरले जाते. सरदेसायांच्या रियासतीत व १९४६ ते १९४८ या काळात आलेल्या त्यांच्या इंग्रजी त्रिखंडात्मक इतिहासात घटनाक्रम अधिक काटेकोर झाला, साधनांचा विस्तार झाला. पण कथनाचा कणा व्यक्तिचित्रणाचाच राहिला. सरदेसायांचे कथन इतके ओघवते आहे, की वाचक कलमांपाशी थांबतच नाही.

आणखी एक कारण साधनांच्या प्रकाशनाशी निगडित आहे. जदुनाथ सरकार व सरदेसाई यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार खंडशः छापला गेला. पण तो मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास आल्यापासूनचा. म्हणजे अप्टनची वकिलात त्या मालेच्या कक्षेबाहेर राहते. मोस्टिनची १७७२ ते १७७४ या काळातील रोजनिशी गेन्स आणि बनाजी यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. ती १७७४ च्या अखेरीपूर्वीच संपते. या दोहोंच्या मधल्या काळासाठी अभ्यासकाला फॉरेस्टने १८८५ मध्ये संपादित केलेल्या मुंबई सचिवालयातील निवडक कागदांकडे वळावे लागते. तेथे आवाज मुख्यतः मुंबईचा आहे. अप्टनवर आणि कलकत्त्यावर रुष्ट असलेल्या मुंबईच्या कौन्सिलाचे म्हणणे अशा रीतीने आपल्या लेखनात नकळत शिरले. ‘अप्टन अननुभवी होता’ हे वाक्य मी माझ्या प्रबंधिकेत लिहिले, तेव्हा ते मुंबईकरांच्या तक्रारीचे मराठी रूप आहे, याचे भान मला नव्हते. शैलेंद्रनाथ सेन यांनी हेस्टिंग्जच्या कारकिर्दीतील आंग्ल-मराठा संबंधांवर १९६१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाने कलकत्त्याची बाजू सविस्तर मांडून हा तोल बराच सावरला. मराठीत मात्र त्या ग्रंथाची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असे खेदाने नमूद करावेसे वाटते.

कलमांची अंमलबजावणी

तह झाल्यानंतर जे घडले ते वर दर्शविलेल्या संदिग्ध जागांमधूनच घडले. साष्टी परत करावयाची नाही, असे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने ठरविले. मर्जी त्यांची होती, तेव्हा तहभंगाचा आरोप त्यांच्यावर करताही येईना. गुजरातेतील महाल देण्याचा आपणास अधिकार नव्हता, असे खुद्द फत्तेसिंग गायकवाड म्हणू लागले. मुंबईकरांनी तो पुरावा मानण्याचे नाकारले. ऑगस्ट १७७६ मध्ये संचालकांचे पत्र मुंबईस आले आणि त्यात सुरतेच्या तहास पसंती होती. ते पत्र लिहिले गेले तेव्हा लंडनला पुरंदरच्या तहाची खबरही नव्हती. तिसरे दार असे उघडले. त्या वर्षाच्या अखेरीस रघुनाथराव मुंबईत दाखल झाले. सप्टेंबरमध्ये मॉन्सन वारल्याने कलकत्त्यात हेस्टिंग्जचे पारडे जड झाले होते. सेंट ल्युबिन हा फ्रेंच गृहस्थ १७७७ मध्ये पुण्यास आल्यावर मुंबईकरांना हवे ते निमित्त मिळाले. त्यातून निघालेली मोहीम जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कशी संपली, हे मराठी वाचकास सांगण्याची गरज नाही. त्या विजयाच्या वर्णनात आपण आजवर जितकी पाने खर्ची घातली, त्यांच्या दहाव्या हिश्शाने जरी पुरंदरच्या कलमांचा विचार झाला असता, तर या लेखाचे प्रयोजन उरले नसते.

नानांच्या बाजूने एक गोष्ट येथे नोंदवावयास हवी. साष्टीसाठी ३ लक्षांच्या मुलुखाचा मोबदला देऊ करणे ही दुर्बळाची याचना नव्हती. वसुलीच्या हिशेबाने साष्टी तेवढ्याची नसेल, पण मुंबईच्या तोंडावरचे ते ठाणे आहे, हे कारभाऱ्यांना कळत होते. रुपयांत न मावणारी किंमत त्यांनी रुपयांत मांडून पाहिली. समोरच्याने ती स्वीकारली नाही, कारण त्यालाही तीच किंमत कळत होती. या एका जागी तरी दोन्ही पक्ष सीमेविषयी एकाच भाषेत बोलत होते.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. साष्टी आणि घारापुरी, करंजा व हॉग ही लहान बेटे कंपनीकडे राहिली. १७८० मध्ये घेतलेली वसई परत मिळाली. भडोच कंपनीने शिंद्यांना दिले. रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपये, हा पुरंदरचा आकडा तसाच राहिला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ते कोपरगावी वारले. साष्टीच्या अदलाबदलीची भाषा या तहात उरली नाही. भडोचलगतच्या ज्या ३ लक्षांच्या मुलुखावरून सहा वर्षे पत्रांमागून पत्रे गेली, त्यावरील आपला दावा कंपनीने महादजींच्या विनंतीवरून सोडून दिला. त्या मुलुखातील गावांची नावे पुरंदरच्या तहात नव्हती, आणि त्याच्यावरील हक्क सोडणाऱ्या सालबाईच्या कलमातही त्याची ओळख ३ लक्षांचा मुलूख एवढीच आहे.